हात तुमचा, दोरा तुमचा

सराव शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक, शिक्षक, आम्ही छात्राध्यापक म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारी मंडळी, शिवाय समोरच्या दुकानांतले रिकामटेकडे, सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते आणि कुणी खोकतही नव्हतं. मधोमध एका वर्गाची मुलं खुर्च्यांवर रांगेने बसवली होती. मुख्याध्यापिका चिमटीत दोरा धरून एकेका मुलाच्या डोक्यावर थांबत पुढे सरकत होत्या. दोऱ्याच्या टोकाला गोटीएवढा काळा खडा लोंबत होता. एका मुलावर खडा स्तब्ध, पुढच्यावर स्तब्ध, त्याच्या पुढच्यावरही स्तब्ध. पहिल्या रांगेच्या टोकाला माझी भाची बसली होती. बाईंचा हात तिच्या डोक्यावर आला आणि खडा थरथरला, हळूहळू गोल फिरू लागला आणि मग असा गरगरला की पुढे उभे असलेले पालक मागच्यांच्या पायांवर पाय देत मागे सरले.

"पाहिलंत?" खडेमहाराज म्हणाले. ते लांब, टेबलापाशी, हात पाठीशी बांधून उभे होते. "मी शिवलो? नाही. फुंकर घातली? नाही. हात तुमचा, दोरा तुमचा. खडा फक्त खरं बोलतो."

या गृहस्थांचा आवाज असा होता की औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून दाखवली असती तरी लोकांना आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटलं असतं. लहरी, चुंबक आणि अंतर्मन हे तीन शब्द ते कशातही घालत, भाजीत मीठ घालावं तसे. मुलीच्या अंतर्मनात बाहेरचं कुणीतरी येऊन बसलंय, त्याच्या लहरी उलट्या आहेत आणि खड्यातलं चुंबक त्या ओळखतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. चुंबकाला लोखंड सोडून आणखी काही ओळखता येतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, पण विचारायची हिंमत झाली नाही. कारण आजूबाजूच्या सगळ्यांच्या नजरा माझ्या भाचीवर होत्या आणि त्या नजरा चांगल्या नव्हत्या.

हे सगळं सुरू झालं ते एका मुलीला भोवळ आली तेव्हा. आमच्या अध्यापक विद्यालयाला जोडूनच ही शाळा आहे. आम्ही छात्राध्यापक तिथे सरावाचे पाठ घेतो आणि एक जण शिकवत असला की बाकीचे मागच्या बाकांवर बसून निरीक्षण लिहितात. त्या दुपारी वर्गात पंख्याला वीज नव्हती आणि तक्ते उडू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. पाठाच्या मध्येच एक मुलगी बाकावरून घसरली. पाणी मारल्यावर उठून बसली, पण रडत म्हणाली, "ती माझ्याकडे बघत होती." ती म्हणजे माझी भाची. दुसऱ्या दिवशी आणखी मुली पडल्या. मग रोजच कुणी ना कुणी पडू लागलं, आणि पडण्याआधी प्रत्येकीला ती आपल्याकडे बघताना दिसू लागली.

डॉक्टर आले, तपासून गेले. मुलींना काही झालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. आजाराला नाव असलं की माणूस निम्मा सावरतो, काही झालेलं नाही म्हटलं की मात्र तो स्वतःच नाव शोधायला लागतो.

घरी आम्ही भाचीला मैना म्हणतो, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून तिची बडबड चालू असते. शाळेत तीच मुलगी तोंडातून अवाक्षर काढत नसे. हजेरीलाही नुसता हात वर करायची. वर्गातली मुलं तिला मुकी म्हणत. आधी चिडवायला म्हणत, आता घाबरून म्हणू लागली होती. तिच्या शेजारचं बाक रिकामं पडलं.

महाराजांचं नाव शाळेतल्या कारकुनांनी सुचवलं. ते आल्या आल्या शिक्षकांच्या खोलीत बसले आणि चहा घेता घेता सगळ्यांची चौकशी केली. वर्गात कुणी वेगळं मूल आहे का, कुणी एकलकोंडं, खाली मान घालून बसणारं? सगळ्यांनी एकच नाव घेतलं. मी दारातच होते, मी ते ऐकलं, आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

सभागृहात मुख्याध्यापिकांनंतर एका पडलेल्या मुलीच्या आईने दोरा धरला. खडा पुन्हा मैनेवरच फिरला. मग महाराजांची नजर माझ्यावर आली.

"आत्याच्याच हाती देऊ," ते म्हणाले. "आत्या काही भाचीचं वाईट चिंतायची नाही."

मला तेच हवं होतं. असल्या प्रकारांवर माझा विश्वास नाही, हे मी आजवर चारचौघांत ठणकावून सांगत आले होते. मी दोरा घट्ट धरला आणि मनाशी ठरवलं की हा खडा हलू द्यायचा नाही. मैना खाली मान घालून बसली होती, तिच्या भांगाची वेडीवाकडी रेघ मला वरून दिसत होती. सकाळी मीच तिची वेणी घातली होती. हलू नको, हलू नको, असं मी मनात म्हणत राहिले. खडा किंचित कलला. हलू नको म्हणावं तसा तो जास्तच हलत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातात, गोल फिरू लागला. मी दोरा टाकून दिला. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. भीती महाराजांची नव्हती आणि खड्याचीही नव्हती. भीती याची होती की हे खरं असेल तर?

महाराजांनी निकाल दिला. गावाबाहेर त्यांचं शांतिगृह होतं. तिथल्या बंद खोलीत मुलीला ठेवायचं. उजेड नाही, बोलणं नाही, आईवडिलांची भेट नाही. तिच्या आईने, माझ्या वहिनीने, कसंबसं विचारलं की ती परत कधी येईल. ते म्हणाले, "खडा सांगेल." बाकीच्या पालकांनी तिथल्या तिथे बजावलं की एक तर ही मुलगी जाईल, नाहीतर आम्ही आमची मुलं काढून नेऊ. शनिवारी दुपारी महाराजांची गाडी तिला न्यायला येणार असं ठरलं.

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दोर, वजनं, कप्प्या यांतच त्याचा जन्म गेला. घरी आल्यावर मला वाटलं होतं, निदान तो तरी हे सगळं उडवून लावेल. तो म्हणाला, "दोराला टांगलेलं वजन आपोआप हलत नाही. कुणीतरी ओढल्याशिवाय नाहीच हलत. हे मला माहीत आहे म्हणूनच तर घाबरलोय. ओढत कोण होतं?"

मैना नेहमीसारखी त्याच्या मांडीवर बसायला गेली आणि तो उठून पाणी प्यायला गेला. त्याला तहान नव्हती हे मला कळलं, वहिनीला कळलं आणि मैनेलाही कळलं. वहिनी पिशवीत तिचे कपडे भरायची, पुन्हा काढायची, पुन्हा भरायची. मैना माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी घरातही ती हळू आवाजात बोलत होती.

"आत्या, माझ्यात कुणी शिरलंय का गं?"

"नाही."

"मग खडा तुझ्या हातातसुद्धा का फिरला?" मी तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. ती पुढे म्हणाली, "मी आता कुणाकडे बघतच नाही. खालीच बघते. तरी त्या पडतात."

शुक्रवारी सकाळी मी आमच्या मानसशास्त्राच्या बाईंना गाठलं. त्या परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी गेल्या होत्या, नुकत्याच परतल्या होत्या. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव कशावरूनबाई ठेवलं होतं, कारण त्यांच्यासमोर कुणी काहीही विधान केलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून तेवढा एकच शब्द विचारत. आम्हाला त्याचा भारी वैताग यायचा. त्या दिवशी मी रडत रडत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की मैनेत काहीतरी आहे, बाई.

"कशावरून?"

"खडा हलला."

"कुणाच्या हातात?"

मी तिघींची नावं घेतली, त्यांत माझंही घेतलं.

"डोळे उघडे होते तुमचे? आणि समोर कोणतं मूल आहे ते माहीत होतं?"

"हो. माहीत असणारच ना."

"मग खड्याला काय माहीत आहे, हे अजून कुणी तपासलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत आहे, तेवढंच कळलंय."

मग त्या मला घेऊन आमच्या वर्गात आल्या. त्या सत्रात प्रत्येक छात्राध्यापकाला एका मुलाचा व्यक्ती अभ्यास करायचा होता, म्हणजे एक मूल निवडून महिनोन्महिने त्याच्या वागण्याची नोंद ठेवायची होती. मी भाची सोडून एका दंगेखोर मुलाला निवडलं होतं आणि त्याच्यामागे धावून दमले होते. बाईंनी सरळ विचारलं, "त्या न बोलणाऱ्या मुलीचा अभ्यास कोण करतंय?"

एक हात वर झाला. मग दुसरा. मग एकमेकांकडे बघत, चाचरत, जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर गेले. प्रत्येकाला वाटत होतं की ती आपण एकट्यानेच निवडली आहे. निवडायलाही सोपी. ती पळत नाही, उलट बोलत नाही, एका जागी बसून असते आणि गप्प मुलाबद्दल काहीही लिहिता येतं.

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे एवढी माणसं रोज तिच्याकडे टक लावून बघत होती आणि बघून लिहीत होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघता, म्हणून बाकीची मुलंही बघणार. या पोरीत काहीतरी आहे हे त्या वर्गाला महाराजांनी नाही शिकवलं. ते आपण शिकवलं."

आम्ही एकेक करून निरीक्षणाच्या वह्या मिटल्या.

शनिवारी दुपारी महाराजांची गाडी फाटकाशी उभी राहिली. सभागृह पुन्हा भरलं होतं. मैना पहिल्या रांगेच्या टोकाला, शेजारी कपड्यांची पिशवी. बाई पुढे आल्या आणि मोठ्या आदराने म्हणाल्या की नेण्याआधी एकदा वडिलांच्या हातून खडा धरून घ्यावा, म्हणजे त्यांच्या मनाची खात्री पटेल. दादाचा पांढराफटक चेहरा बघून महाराजांनी खुशीने होकार दिला. मग बाईंनी फळा पुसायचं एक कोरं फडकं काढून दादाचे डोळे बांधायला घेतले.

"याची काय गरज?" महाराजांनी विचारलं.

"खडा खरं बोलतो ना? मग त्याला यांच्या डोळ्यांची काय गरज?"

सगळे महाराजांकडे बघू लागले. नाही म्हणायची सोय उरली नाही.

डोळे बांधून होताच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खूण केली. मुलांनी चपला आधीच काढून ठेवल्या होत्या. मैना पिशवी घेऊन उठली आणि मागच्या रांगेत दुसऱ्या मुलीच्या जागी जाऊन बसली. ती मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मैनेच्या खुर्चीवर बाईंनी भूगोलाच्या कपाटातला पृथ्वीगोल आणून ठेवला. महाराजांनी तोंड उघडलं, पण बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं.

दादा मागच्या रांगेपासून निघाला. बाई खांद्याला धरून त्याला एकेका खुर्चीपाशी थांबवत होत्या. खडा स्तब्ध. तो मैनेजवळ येऊ लागला. सगळं बाईंनी आदल्या दिवशी समजावून सांगितलेलं, तरी माझ्या मनात एकच होतं, आता जर हलला तर? दादाचा हात मैनेच्या डोक्यावर आला. तिने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही मुठी आवळल्या. खडा तिच्या भांगावर उभा राहिला, सरळ, न हलता. बाईंनी दादाला तिथे मुद्दाम जास्त वेळ थांबवलं. खडा हलला नाही. दादा पुढे गेला.

रांगा संपत आल्या. शेवटच्या टोकाशी बाई म्हणाल्या, "दादा, आता तिची खुर्ची."

दादाने दोरा पुढे धरला. खडा थरथरला. मग कलला, मग गोल फिरू लागला आणि समुद्र, वाळवंटं, बर्फ यांच्यावर जोरजोरात गरगरला. दादाच्या गालांवरून फडक्याखालून पाणी ओघळत होतं. हसू कुणालाच आलं नाही.

"सोडा डोळे," बाई म्हणाल्या.

दादाने फडकं काढलं आणि समोर बघितलं. बराच वेळ त्याला काय बघतोय तेच कळेना.

महाराज मात्र सावरले. असल्या लोकांकडे उत्तर नेहमी तयार असतं. मुलगी त्या गोलाला कधीतरी शिवली असणार, तिच्यातलं जे होतं ते आता गोलात उतरलं, असं त्यांनी सांगितलं. आणि लिहायला लाज वाटते, पण भिंतीशी उभ्या काही माना डोलल्यासुद्धा.

"बरं झालं की," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे मुलगी मोकळी झाली. तिच्यावर खडा हलला नाही, सगळ्यांनी बघितलं. गाडी दारात उभीच आहे, गोल घेऊन जा."

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही. पण मग सगळं सभागृह हसलं आणि इतके दिवस कोंडलेली हवा बाहेर पडल्यासारखं झालं. बाईंनी तेवढ्यात आणखी एक विनंती केली, महाराजांनी स्वतः डोळे बांधून एकदा खडा धरावा. आपण खडा स्वतःच्या हाती कधीच धरत नाही, असं महाराज म्हणाले. ते खरंच होतं. खडा कोण हलवतं हे त्या सभागृहात त्यांना सगळ्यांत आधी ठाऊक होतं. दोरा गुंडाळायच्या आत बाईंनी तो काढून घेतला आणि नकाशा टांगायच्या खिळ्याला बांधला. मैनेला त्याखाली उभं केलं. खडा जागचा हलला नाही.

"खिळा घाबरत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला कुणी सांगितलेलं नाही की ही मुलगी वाईट आहे. आपल्याला एखादी गोष्ट घडेल असं वाटलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, की हाताचे स्नायू आपल्याला न विचारता तेवढे बारीक हलतात. लांब दोऱ्याच्या टोकाशी ते हलणं मोठं दिसतं. भोवळीचंही तेच. पहिली मुलगी बंद खोलीतल्या उकाड्याने पडली, बाकीच्या तिला बघून घाबरल्या म्हणून पडल्या. ढोंग कुणीच केलं नाही. भीती खरी होती, तिचं कारण खोटं होतं."

"म्हणजे ओढत मी होतो?" दादाने विचारलं.

"मुद्दाम नाही," बाई म्हणाल्या.

दादा मैनेसमोर गुडघे टेकून बसला. तुझ्या डोक्यावर हात होता माझा आणि मला कळलंच नाही, असं काहीतरी तो बोलला. मैना त्याच्या कानाशी लागली. ती काय म्हणाली ते त्याने मला नंतर सांगितलं. "मला कळलं होतं बाबा. तुमच्या हाताला ग्रीसचा वास येतो."

आम्ही सगळ्या वर्गाने व्यक्ती अभ्यासाची मुलं बदलून घेतली. पाठाच्या वेळी खिडक्या उघड्या राहू लागल्या. एखादी मुलगी पडलीच तर गोंगाट न करता तिला वाऱ्यावर निजवायचं, असं बाईंनी शिकवलं. थोड्याच दिवसांत पडणं थांबलं. महाराज त्या गावात पुन्हा दिसले नाहीत. दुसऱ्या कुठल्या गावात दिसले असतील, म्हणूनच हे लिहायचं.

माझं सांगणं एवढंच आहे. माझ्यासारखी, विश्वास नाही म्हणून मिरवणारी बाईसुद्धा स्वतःच्या हाताला फसली. तेव्हा अमक्यात खोट आहे असं कुणी म्हटलं, आणि ते तुमच्या डोळ्यांना दिसलं, हातांना जाणवलं, तरी त्या माणसाला कुठल्या बंद खोलीत ढकलण्याआधी थांबा. एकदा डोळे बांधा, आणि त्याच्या खुर्चीवर दुसरं काहीतरी ठेवून बघा. एवढं केलंत तर कितीतरी पोरं घरी राहतील.

सत्राच्या शेवटी त्याच वर्गावर माझा भूगोलाचा पाठ होता. मागच्या बाकांवर निरीक्षण लिहिणारे बसले होते. लिहायचं तर माझ्याबद्दल लिहा, असं मी त्यांना आधीच बजावलं होतं. मी तोच गोल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पृथ्वी गोल आहे."

पहिल्या रांगेच्या टोकाला एक हात वर झाला. हजेरीला व्हायचा तसाच, पण या वेळी मैना उठून उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने विचारलं, "कशावरून?"